चौकटीचा मान

४ ऑक्टोबर २०२५, शनिवार

पोचलो एकदाचे नाशकात. नामपूरहून गाडीत बसल्यापासून नानांनी कंडक्टरला चार वेळा विचारलं, नामपूर आलं का. कंडक्टर भला माणूस. चारही वेळा "आलंच आजोबा" म्हणाला आणि तिकिटं फाडत पुढे गेला.

काम असं मजेचं आहे की येताना मला एकटीलाच हसू येत होतं. पेठ रोडला ललितशेठचं मंगल कार्यालय आहे. तुळशीचं लग्न लागेपर्यंत तिथे लग्नं नाहीत, जेवणाची पत्र्याची शेड रिकामी. तर भाऊबीजेपासून सुट्टीभर तिथे भूतबंगला करायचा, आणि सगळं घरच्या घरी. पडदे ललितशेठची बायको शिवणार, किंकाळ्या त्यांचा मेहुणा रेकॉर्ड करणार, दारं मी करणार. आपोआप उघडणारी, गरकन फिरणारी, माणसाच्या मागून हळूच लागणारी अशी अकरा दारं. मालेगावच्या एका गणेश मंडळात यंदा माझा हलता देखावा होता, त्यातला राक्षसाचा जबडा ललितशेठना फार आवडला. बनवणारी बाई आहे हे मात्र त्यांनी फोनवर दोनदा खात्री करून घेतलं. मी म्हटलं, करवत कुठे विचारते हातात बांगड्या आहेत का ते.

नानांना घेऊन आले कारण घरी दुसरं कोणी नाही. माझे वडील, झुंबर मिस्तरी. निम्म्या नामपूरची दारं त्यांच्या हातची आहेत. दोन वर्षांपासून विसरायला लागलेत, आणि शिवरात्रीपासून माझं नावच घेत नाहीत. चहा दिला की बाजारातल्या परक्या बाईला म्हणावं तसं "माय" म्हणतात आणि विचारतात, तू कोणाची पोर. डॉक्टरांनी सांगितलंय, काय आठवतं, काय नाही ते रोज लिहून ठेवा. म्हणून ही वही.

शेडच्या मागे दोन खोल्या आहेत. एक आम्हाला दिली, दुसरीत झाडलोट करणाऱ्या सगुणाबाई राहतात, पेठ तालुक्यातल्या. त्यांनी आल्या आल्या नाचणीची भाकरी दिली. नाना पोटभर जेवले आणि कोणाच्या लग्नाला आलोय म्हणून विचारलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

शेड मोजली. ऐंशी फूट लांब, चाळीस रुंद. आत प्लायच्या भिंतींनी वळणावळणाची वाट करायची. पहिलं दार वजनावर चालेल. मागे कप्पीवर वाळूची पिशवी, खटका सोडला की पिशवी खाली आणि दार सावकाश आत. चौथं दार मधोमध खिळीवर फिरेल. सातवी तर भिंतच आहे, ट्रकच्या वायपरच्या मोटरवर इंच इंच पुढे येणारी. मोटर सातपूरच्या भंगारवाल्याकडून आणली, अजून तिला डिझेलचा वास येतोय.

नानांना हातचाळा म्हणून एक पट्टी आणि पॉलिश पेपर दिला. दिवसभर तीच पट्टी घासत बसले. दुपारी पाहिलं तर पार पातळ करून टाकली होती. हातही थरथरतात आता. मला फार वाईट वाटलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज चौकट बसली. पहिलं दार जड, त्याला प्लायचे चोचले चालणार नाहीत, म्हणून बाभळीची खरी चौकट केली आणि पाय सिमेंटात घ्यायचे ठरलं.

चौकट उभी करताना नाना खुर्चीतून ताडकन उठले. हळद-कुंकू कुठे आहे, नारळ कुठे, घरधनी जोडपं कुठे. आमच्या घराण्यात पूजेशिवाय चौकट उभी राहत नाही. नवरा-बायकोने चौकटीला हात लावायचा, आधी त्यांनी उंबरा ओलांडायचा, मग मिस्तरीला टोपी-उपरण्याचा मान द्यायचा. मान घेतला म्हणजे घर पुरं होईपर्यंत मिस्तरीने त्या घरातून हात काढायचा नाही. मी समजावलं, नाना, हे खोटं घर आहे. ऐकेनात.

ललितशेठ एकदम खूष. रीलसाठी याहून भारी काय मिळणार, म्हणाले. भुतं म्हणून त्यांनी कपड्याच्या दुकानातले दोन पुतळे आणलेत, नवऱ्याला फेटा, नवरीला मुंडावळ्या. तेच पाटावर बसवले. त्यांचेच हात चौकटीला लावले. उचलून उंबऱ्यावरून आत नेले, आधी उजवा पाय, नानांनीच सांगितलं तसा. टोपी-उपरणं नवरदेवाच्या हातात ठेवलं आणि नानांनी ते वाकून घेतलं. मग दोन वर्षांत बोलले नव्हते इतकं स्वच्छ बोलले, "चौकट उभी राहिली. घर तुमचं झालं. सुखात नांदा."

सगळे हसले. मीसुद्धा. नाना तेवढे हसले नाहीत. टोपी घालून हात जोडून उभे होते.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आनंदाची गोष्ट लिहिते. काल सकाळी नानांनी आपणहून रंधा उचलला. शेडमध्ये, चौकटीच्या आत गेले की त्यांचे हात थरथरत नाहीत. आज त्यांनी पाडलेलं भोक मी मोजलं, सूतभर फरक नाही. मला बाजूला सारून फिरत्या दाराची खिळी त्यांनी बसवली, आणि ते दार आता बोटाने ढकललं तरी फिरतं. बाहेर आले की मात्र पुन्हा तेच. मी कोण, हे गाव कोणतं.

त्यामुळे मी त्यांना आतच राहू देते. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज नानांनी मला नावाने हाक मारली.

मी बाहेर पट्ट्या कापत होते. आतून आवाज आला, "उजू, गुण्या दे." मी करवत टाकून काटकोन तपासायचा तो गुण्या घेऊन पळाले. नाना पाचव्या दाराला पट्टी ठोकत होते. आमच्या सवयीप्रमाणे चार खिळे ओठांत धरलेले. त्यांनी मान वर न करता हात पुढे केला, मी त्यात गुण्या दिला. मग प्लायच्या मागे जाऊन रडून घेतलं. आठ महिने झाले होते. काम संपलं तरी या माणसाला कुठल्यातरी शेडमध्ये कामाला ठेवायचं, असं मी आज ठरवून टाकलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

पहिलं दार आपोआप उघडलं. म्हणजे ते त्याचंच काम आहे म्हणा, पण पिशवी खटक्याला अडकलेली होती. बाभूळ ऑक्टोबरच्या उन्हाने आक्रसली असेल. बिजागरीत तेल सोडलं.

सगुणाबाई आत झाडायला येत नाहीत. भुताला घाबरता काय म्हणून मी चिडवलं. त्या म्हणाल्या, भुताचं नाही. तिथे आता माणसं राहतात, त्यांना विचारल्याशिवाय केर कसा काढू. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सहाव्या आणि सातव्या दाराच्या मध्ये एक दार आहे. माझ्या नकाशात नाही. प्लायचं नाही, भरीव लाकडाचं, चार फळ्यांचं, देखणं. नानांना विचारलं तर म्हणाले, मालकीणबाईंनी सांगितलं. ललितशेठच्या बायकोला फोन केला. ती चार दिवस माहेरी आहे.

ललितशेठना मात्र दार फार आवडलं. अकराच्या जागी बारा, म्हातारा वर पैसेही मागत नाही, मग तक्रार कसली, म्हणाले. पुतळे आम्ही शेवटच्या खोलीत सोफ्यावर ठेवले होते. आज ते या दाराशी उभे होते. ही गंमत ललितशेठची असणार. ते नाही म्हणतात.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज आणखी दोन दारं. चौदा झाली.

प्लाय आणि फळ्यांचा साठा मोजला. शुक्रवारी होता तेवढाच आहे. मग नाना हे लाकूड आणतात कुठून? चौदावं दार शेडच्या टोकाला आहे. त्याच्या मागे पत्रा असायला हवा. मी ते ढकललं. मागे खोली आहे. शेणाने सारवलेली जमीन, कोनाडा, पलीकडे अर्धवट चौकट. मी बाहेर जाऊन शेडला वळसा घातला. बाहेर पत्रा आहे आणि पत्र्याला लागून ललितशेठच्या भावाची द्राक्षबाग. माणसं छाटणी करत होती. खोलीला जागाच नाही.

चहाच्या वेळी नाना त्या दारातून आले. अंगावर भुसा होता. मी म्हटलं, चला, उद्या घरी जाऊ. ते आमच्या अहिराणीत म्हणाले, "मान लिधा शे ना माय. घर पुरं व्हवाबिगर कसा जाऊ?" मी विचारलं, घर कधी पुरं होणार. त्यांनी मागे वळून अंधारात कोणाला तरी विचारलं. ऐकून घेतलं. मग मला सांगितलं, मालक सांगतील तेव्हा.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळीच नानांना हाताला धरून सीबीएस स्टँडवर नेलं. नामपूरकडे जायला सटाण्याच्या गाडीत बसवलं. गाडी सुटायला वीस मिनिटं होती.

ती वीस मिनिटं मी विसरणार नाही. नानांचे हात इतके थरथरायला लागले की पाण्याची बाटली धरवेना. लुगडं नेसलेल्या एका म्हातारीला हात जोडून म्हणाले, "मले कामवर जानं शे." मग ड्रायव्हरला तेच. मग मला, अगदी लहान मुलासारखं रडत, आणि मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं. सगळी गाडी माझ्याकडे बघत होती, ही बाई या म्हाताऱ्याला कुठे पळवून नेते म्हणून.

मी त्यांना परत आणलं. शेडच्या दारात पाय टाकला आणि हात थांबले. टोपी नीट केली, रंधा घेतला.

मीच परत आणलं. कोणी सांगितलं नव्हतं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

चहाला आले नाहीत. जेवायला आले नाहीत. मी आत गेले तर चौदाव्याच्या पुढे दारं आहेत. सतरा मोजली. पुढे मोजवेना. पुतळेही दिसत नाहीत. रंधा चालल्याचा आवाज पुढून कुठूनतरी येतोय. हाका मारल्या. रंधा थांबत नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सगळं पाडलं. ललितशेठनी सहा माणसं आणली, मीही कुदळ घेतली. एकेक प्लाय, एकेक दार. चौदावं उचकटलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. मागे पत्रा. फक्त पत्रा. संध्याकाळपर्यंत शेड रिकामी. नाना नाहीत. पुतळे नाहीत.

पोलिसांत तक्रार दिली. त्यांच्या मते विसरभोळा म्हातारा, फाटक उघडं, गेला असेल चालत. पंचवटी, घाट, रेल्वे स्टेशन बघतायत. ललितशेठ माझ्यासमोर रडले. त्यांचा राग करावा असं वाटतं, पण येत नाही. पुतळे त्यांनी बसवले. हसले मी.

सिमेंटातली चौकट तेवढी उभी आहे. दारासकट. निघाली नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

दार लावलेलं असलं की पलीकडून रंध्याचा आवाज येतो. उघडलं की रिकामी शेड, पलीकडचा पत्रा, ऊन. पुन्हा लावलं की आवाज.

वीस वेळा केलं. तीस वेळा.

ललितशेठना बोलावलं. त्यांनी दाराला कान लावला. म्हणाले, काही नाही ताई, तुम्ही झोपलेल्या नाहीत. पण कान काढताना दोन पावलं मागे गेले, आणि हातावरचे केस उभे होते. मी पाहिले.

दाराखालून रंध्याची सालपटं येतात. ताजी. ओली.

२० ऑक्टोबर, सोमवार

आज दार वाजवलं. आधी वाजवायचं सुचलंच नव्हतं.

रंधा थांबला. पावलं आली. पलीकडून नाना म्हणाले, "कोन पायजे माय तुले?"

मी म्हटलं, नाना, मी. उज्ज्वला. तुमची उजू.

त्यांनी आत कोणाला तरी विचारलं. मग अगदी अदबीने म्हणाले, "त्या नावनं कोनी नही आठे." आणि पावलं गेली. रंधा पुन्हा सुरू.

दिवसभर बसून आहे. एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. ११ तारखेला मी गुण्या घेऊन धावले तेव्हा त्यांच्या ओठांत चार खिळे होते. खिळे धरून बोलता येत नाही. मी सुतार आहे, मला माहीत असायला हवं होतं.

म्हणजे तेव्हा हाक नानांनी मारलीच नव्हती. त्या हाकेवर मी त्यांना इतके दिवस आत ठेवलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. दुपारीच सगुणाबाई गावी गेल्या. जाताना सांगून गेल्या, भांडू नको, घर त्यांना तुम्हीच दिलंय, मागायचं तर मागणाऱ्यासारखं माग.

मागितलं. उंबऱ्यावर डोकं टेकलं. चुकलं म्हटलं. म्हातारा माणूस आहे, डोकं ठिकाणावर नाही, त्याने चुकून मान घेतला. सोडा. बदल्यात मी उरलेलं काम करते. माझे हात चांगले आहेत. नानांनीच शिकवलेत.

रंधा थांबला. मी डोकं टेकूनच होते.

मग पुन्हा सुरू. पण आता दोन आवाज. एक रंध्याचा. एक — कोणीतरी दाराच्या अगदी पलीकडे उभं राहून श्वास घेतंय.

२२ ऑक्टोबर, बुधवार

ललितशेठ उद्या कटर आणतायत. चौकट कापायची. माझ्या भल्यासाठी म्हणे. मी पाया पडले. चौकट गेली तर नाना येणार कुठून? माझ्या मामेभावाला फोन लावलाय त्यांनी, मला न्यायला. उद्या संध्याकाळपर्यंत पोचेल.

आज नऊ वेळा वाजवलं. नऊ वेळा तेच. कोन पायजे. आवाज दर वेळी जरा लांबून. पुढे पुढे जातायत ते. दार करत.

जेवत असतील का—

२३ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळ. साडेनऊ. ऊन शेडमध्ये आलंय.

वाजवलं. उत्तर नाही. रंधा इतका लांब की श्वास धरला तरच—

दहाला कटरचा टेम्पो येतो.

९.४०. पुन्हा वाजवलं. नाना, एकदा फक्त दारापर्यंत या. मला ओळखू नका. नुसते या.

९.५०. फाटकाशी टेम्पोचा हॉर्न. ललितशेठ कोणाला तरी वायर ओढायला सांगतायत.

पलीकडून कडी निघाली. मी या दाराला कडी लावलेलीच नाही.

दार आत गेलं. इंचभर. पलीकडे ऊन नाही. शेड नाही. सारवलेल्या जमिनीचा वास—

"उजू."

नानांचाच आवाज. इथे, हातभर अंतरावर. आणि लांब आत रंधा चालूच आहे. एकही ओढ न चुकवता. नाना तिकडे आहेत. म्हणजे इथे दारात जे—

कळतंय मला. सगळं कळतंय.

पण नाना आत आहेत. आणि बाहेर कटर सुरू झालं. आणि मला कोणीतरी नावाने—